तीनशे खड्डे

वर्षश्राद्धाची पंगत उठली, गुरुजी आपली पिशवी सांभाळत फ्रीगंजच्या दिशेनं चालते झाले, आणि माधव नगरातल्या दप्तरदारांच्या घरात खरं कार्य सुरू झालं. सकाळपासून सगळे एकमेकांशी इतकं गोड बोलत होते की मंगलाला धडकीच भरली होती. सोळा वर्षं ती या घरात सून म्हणून वावरत होती. दप्तरदार गोड बोलायला लागले की आता कुणाचं तरी काही खरं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

ती कॉफी घेऊन दिवाणखान्याच्या दारात आली, तेव्हा तिचा नवरा, वसंत, भाऊसाहेबांच्या आरामखुर्चीत बसला होता. वर्षभरात तो वडिलांच्या खुर्चीत एकदाही बसला नव्हता. समोरच्या टेबलावर फ्रीगंजातून टाइप करून आणलेला कागद होता. ‘कै. दत्तात्रय गोपाळ दप्तरदार स्मृती शिष्यवृत्ती. वनसंरक्षण आणि माळव्यातील मूळ वनस्पती व पशुपक्षी यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी.’ खाली सात कलमं, तीन विश्वस्तांची नावं, आणि त्यांच्याखाली तीन सह्यांसाठी तीन रिकाम्या ओळी. भाऊसाहेबांनी पाच वर्षांपूर्वीच्या मृत्युपत्रात नाहरखेडीचं बीड, म्हणजे घराण्याचं राखीव कुरण, तिघांच्या नावे ठेवलं होतं: बायको, मुलगा आणि मुलगी. आता ते शिष्यवृत्तीला जोडायचं तर तिघांच्या सह्या हव्यात.

“मंगला, शाईची दौतही आण ग,” वसंत म्हणाला. “माझं पेन आज रुसलंय.”

“दौतीची इतकी घाई कशाला दादा?” खिडकीपाशी उभी असलेली प्रतिभा म्हणाली. “आधी वही येऊ दे.”

मंगलानं कॉफीचा ट्रे टेबलावर, त्या कागदाच्या शेजारीच ठेवला.

प्रतिभा मंगलाची नणंद. इंदूरला मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि घरातल्या माणसांशीही वर्गातल्यासारखंच बोलायची. सकाळच्या बसनं येताना तिनं वाटेत देवासला उतरून तात्यांना, भाऊसाहेबांच्या चुलतभावाला, बरोबर घेतलं होतं. पंचाहत्तरीचे तात्या इथल्या देवास गेटच्या बसस्टँडला उतरून टांग्यानं घरापर्यंत आले, याचं सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं होतं! त्यांना कशासाठी आणलंय हे भाताच्या दुसऱ्या वाढपाला कळलं. तात्यांना मोडी येत होती, आणि भाऊसाहेबांची शेवटची वही मोडीत होती.

ती वही मंगलानंच लिहिली होती. शेवटच्या हिवाळ्यात सासऱ्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा रोज दुपारी ते सांगायचे आणि ती लिहून घ्यायची. तिचे वडील देवासच्या धाकट्या पातीच्या दरबारात कारकून. त्यांनी तिला सहाव्या वर्षी मोडी गिरवायला बसवलं होतं. वसंत आणि प्रतिभा इंग्रजी शाळेत वाढलेले, त्यांना ती लिपी म्हणजे नुसती शेवयांची गुंतवळ. दप्तरदार आडनावाच्या घरात दप्तर वाचणारी एकटी सून, असं म्हणून भाऊसाहेब स्वतःच खोखो हसायचे.

तेराव्यानंतर तिनं ती वही चार दुपारी बसून सगळ्यांना वाचून दाखवली. गवतांची नावं, पक्ष्यांच्या नोंदी, शिष्यवृत्ती असावी ही इच्छा, सगळं वाचलं. फक्त एक पान वाचलं नाही. त्या पानात वसंताबद्दल असं काही होतं, जे बाप जाऊन चौदा दिवस झालेल्या मुलानं ऐकू नये. वसंत तेव्हा जेवत नव्हता, झोपत नव्हता, वडिलांचे जोडे पुसून रोज उन्हात ठेवत होता. तिनं दोन पानं एकदम उलटली. तिला वाटलं, होऊ दे थोडे दिवस, मग सांगू.

पण त्याच पानात बीडात झाड लावू नका असंही लिहिलेलं होतं.

पुढे वैशाखात वसंतानं बेत काढला की भाऊसाहेबांच्या स्मरणार्थ बीडात तीनशे झाडं लावायची. तेव्हा मंगला म्हणाली होती, “मामंजींना तिथं झाडं नको होती, असं काहीसं बोलले होते एकदा.” वसंतानं विचारलं, “वहीत आहे का तसं?” आणि ती म्हणाली, “नाही.” एवढा एकच शब्द. तोपर्यंत तिनं फक्त एक पान सोडलं होतं. त्या दुपारी ती नवऱ्याशी खोटं बोलली. त्यानंतर नाहरखेडीत खड्डे खणले गेले, एक एक करत तीनशे, आणि दर वेळी आकडा ऐकला की ती काहीतरी काम काढून आत जायची.

“वही आणते,” मंगला म्हणाली, आणि आत गेली.

देवघराशेजारच्या फडताळात वही होती. तिनं ती हातात घेतली आणि क्षणभर तशीच उभी राहिली. पान फाडता आलं असतं. शिवण जुनी होती, आवाजही झाला नसता. हा विचार आपल्याला सुचला याचीच तिला इतकी लाज वाटली, की ती जवळजवळ धावतच बाहेर आली आणि वही तात्यांच्या मांडीवर ठेवून मोकळी झाली.

“अगं पण वाचून काय नवीन निघणार आहे?” वसंत बहिणीला म्हणत होता. “मंगलानं सगळं वाचलं होतं. तूही होतीस. मला कळत नाही, तुझा मतलब काय आहे नेमका?”

“माझा मतलब हा, की चौथं कलम भाऊसाहेबांचं नाही. ‘शिष्यवृत्तिधारकाने दर पावसाळ्यात बीडात किमान शंभर झाडे लावावीत.’ हे त्यांनी सांगितलं असेल, यावर माझा बिलकुल विश्वास नाही.”

“मैल मैल रस्त्याकडेला झाडं लावणारा माणूस होता तो! रियासतीत जंगल महकम्यात तीस वर्षं काढली त्यांनी.”

“रस्त्याकडेला, दादा. बीडात नाही. मी लहानपणी त्यांच्याबरोबर राहिलेय तिथं. तिथं खरमोर येतो. श्रावणात नर गवतातून उंच उडी मारतो, दिवसातून शेकडो वेळा, का, तर लांबून मादीला दिसावं म्हणून. तुझी निलगिरी आणि शिसव वाढली तर तो कुणाला दिसणार आहे? बाकीचं सोड, झाड आलं की ससाण्याला बसायला फांदी मिळते. मग पिल्लं कुठून वाचणार?”

“एका पक्ष्यासाठी साठ बिघे?”

“हो. आणि मारवेलसाठी, शेड्यासाठी, कुसळीसाठी. गवत आहे ते, दादा, ते काही रिकामं रान नव्हे.”

“सरकारच्या लेखी रिकामंच आहे!” वसंत खुर्चीतून पुढे झुकला. तो नायब तहसीलदार होता, आणि जमिनीचं बोलणं निघालं की त्याचा आवाज आपोआप कचेरीतला व्हायचा. “पटवारीच्या कागदात काय लिहिलंय ठाऊक आहे? पडत. गवत म्हणजे पडत, आणि पडत म्हणजे आज ना उद्या सरकारजमा. इनामं गेली, जहागिऱ्या गेल्या, ते तू पाहिलंस. नोव्हेंबरात तर मध्यभारतच राहणार नाही. नवीन राज्य, भोपाळला बसलेला नवीन माणूस, त्याला भाऊसाहेब कोण आणि खरमोर कोण! तो कागद बघणार. कागदावर बगीचा असेल तर सुटेल, पडत असेल तर जाईल. मी काय हौस म्हणून खड्डे खणून राहिलोय का? बाप गेला, त्याची जमीन तरी राहू दे म्हणून धडपडतोय मी!”

शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज चिरकला. मंगलाला भरून आलं. तो खोटं एक अक्षर बोलत नव्हता. उन्हाळाभर रविवार आला की सायकल काढून नाहरखेडीला जायचा, खड्ड्यांची खोली स्वतः काठीनं मोजायचा, आणि संध्याकाळी धुळीनं माखून येऊन म्हणायचा, भाऊसाहेबांना आवडलं असतं, नाही?

“दोघं भांडू नका रे,” कोपऱ्यातल्या पाटावरून अनसूयाबाई म्हणाल्या. मंगलाच्या सासूबाई एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या, पण वर्षभरात त्या निम्म्या झाल्या होत्या. “आजच्या दिवशी तरी नको. तात्याभावजी, तुम्ही वाचा. काय असेल ते असेल. नि एकदा सह्या करून टाका.”

तेवढ्यात व्हरांड्यात चपला वाजल्या. वनखात्याच्या रोपवाटिकेतले श्रीनाथ व्यास दारात उभे होते. फाटकाबाहेर रोपांनी भरलेल्या दोन बैलगाड्या मघापासून उभ्या होत्या.

“साहब, गाड़ियाँ रवाना कर दूँ? रात तक नाहरखेड़ी पहुँच जाएँगी। सुबह नौ बजे कलेक्टर साहब का टाइम है।”

“बस पंधरा मिनट, व्यासजी. दस्तखत हो जाएँ, फिर चलते हैं. बैठिए ना.”

व्यासजी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आत तात्यांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि वही उघडली.

तात्या मनातल्या मनात वाचत होते, ओठ हलवत. मधूनच एखादी ओळ मोठ्यानं म्हणायचे, “वा! दत्तूची भाषा बघा,” आणि पुढं जायचे. मंगला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती पानं डोळ्यांनी मोजत होती. मारवेलचं पान गेलं. खरमोराच्या नोंदी आल्या, त्या गेल्या. पौष संपला, माघ लागला. फाल्गुनाचं पान आलं, तसे तात्यांचे ओठ थांबले.

ते बराच वेळ त्या पानावर होते. एकदा वाचून झालं, पुन्हा वरून सुरू केलं. मग त्यांनी मान वर केली आणि थेट मंगलाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. होती ती दया, आणि ती पाहून मंगलानं मान खाली घातली.

तात्यांनी पान उलटलं. भराभर चैत्रापर्यंत गेले आणि वही मिटली.

“सूनबाईंनी वाचलं तेच आहे,” ते म्हणाले. “वेगळं काही नाही.”

“काहीच नाही?” प्रतिभा खिडकीपासून पुढे आली. “बीडाबद्दल? झाडांबद्दल?”

“शिष्यवृत्ती द्या म्हणतो. अभ्यास व्हावा म्हणतो. आता एवढं म्हटल्यावर झाडं लावा का नका लावू, ते तुम्ही पोरांनी बघायचं. वसंता म्हणतो त्यात तथ्य आहे, प्रतिभा. जमीन राहिली तर सगळं राहील. मी आमची देवासची जमीन गेलेली पाहिली आहे, बाई. कागदावर एक शब्द चुकीचा होता.”

वसंतानं सुटकेचा श्वास सोडला. “ऐकलंस? आता तर झालं समाधान?”

प्रतिभानं स्वतःच आणलेला साक्षीदार उलटला होता. तिच्या चेहऱ्याकडे बघणंही मंगलाला जड जात होतं. देवासहून म्हाताऱ्याला घेऊन आलेली ही मुलगी आता हट्टी ठरली होती, वेडी ठरली होती, आणि ती एकटीच बरोबर होती.

अनसूयाबाईंनी सही केली. त्यांना एकेक अक्षर जोडत लिहायची सवय. ‘अनसूया’ लिहायला त्यांना एक मिनिट लागलं. मग वसंतानं केली, खाली दुहेरी रेघ मारून, कचेरीत करतो तशी. मग कागद प्रतिभाकडे वळवला.

मंगलाला कळत होतं, आता काही करायची गरजच नाही. तात्यांनी तिला सोडवलं होतं. आपलं वय, आपला शब्द खर्ची घालून तिला पाठीशी घातलं होतं. ती गप्प राहिली तर घर शाबूत, नवरा शाबूत. वसंताला वडिलांचा तो शब्द कधी कळणार नाही. आणि उद्या सकाळी नऊ वाजता नाहरखेडीत, खरमोराच्या ऐन दिवसांत, तीनशे रोपं मातीत जातील, ती त्याच माणसाच्या नावानं, ज्यानं दमा लागलेला असताना तिला तीनदा वाचून दाखवायला लावलं होतं, की नीट लिहिलंस ना, काही राहिलं नाही ना.

प्रतिभानं टाक दौतीत बुडवला.

“वन्सं, थांबा,” मंगला म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. या घरात जमिनीच्या बोलण्यात सुनेनं तोंड उघडण्याची ही पहिलीच वेळ होती.

“तात्या, तुम्ही एक पान सोडलंत,” ती म्हणाली. “माझ्यासाठी सोडलंत. पण ते मी आधीच सोडलं होतं. गेल्या वर्षी.”

“सूनबाई,” तात्या घाईनं म्हणाले, “बसा तुम्ही. उगाच डोक्याला ताप नका...”

“कुठलं पान?” वसंतानं विचारलं.

“फाल्गुनातलं.”

“मी तुला विचारलं होतं. वैशाखात. वहीत आहे का म्हणून.”

“हो. मी नाही म्हणाले. खोटं बोलले मी.”

अनसूयाबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. मंगलानं तात्यांच्या मांडीवरची वही उचलली. पान शोधावं लागलं नाही. ती उभ्यानंच वाचू लागली. मध्ये थांबली तर पुन्हा सुरू करता येणार नाही, हे तिला माहीत होतं.

“‘फाल्गुन शुद्ध सप्तमी. आज पुष्कळ विचारांती लिहवितो. मी आयुष्यभर झाडे लावली म्हणून लोक मला झाडांचा माणूस समजतात. नाहरखेडीसही मी एके काळी उत्तरेच्या कोपऱ्यात चाळीस शिसव लावले. त्यांवर ससाणे बसू लागले आणि खरमोर तो कोपरा सोडून गेला. झाडे तोडविली, तरी तो अद्याप तेथे परतला नाही. चूक माझी आहे. बीडास झाड नको. जो ही शिष्यवृत्ती घेईल त्याने पावसाळ्याचे चार महिने तेथे राहावे, गवत ओळखावे, पक्षी पाहावे, सर्व लिहून ठेवावे, आणि काहीही लावू नये.’”

प्रतिभानं डोळ्यांना पदर लावला. “मी सांगत होते,” ती पुटपुटली. “मी सांगत होते ना.”

“झालं?” वसंत म्हणाला. “एवढंच आहे? एवढंच असतं तर तू लपवलं नसतंस. पुढं वाच.”

“अहो...”

“वाच, मंगला.”

“‘वसंताविषयी,’” तिनं वाचलं. “‘वसंता सज्जन आहे. माझ्याहून सज्जन आहे. पण त्यास मोकळी जागा बघवत नाही. लहानपणी ताटात जागा दिसली की रडे. मी त्यास सात पावसाळे बीडावर बोलाविले. एकदा आला, छत्री घेऊन, आणि अर्ध्या तासात म्हणाला, भाऊसाहेब, इथे तर काहीच नाही. बीड त्याच्या हाती देऊ नये. तो ते विकणार नाही की कुणाच्या घशात घालणार नाही. तो प्रेमानेच त्याचे वाटोळे करील. सूनबाई हे लिहिते आहे आणि तिचा हात थांबला आहे. तिला म्हटले, लिही.’”

तिनं वही मिटली. व्हरांड्यात व्यासजी खोकले, आणि मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असावं, कारण ते उठून गाड्यांकडे गेले. त्यांना मराठी सगळी कळत होती.

पहिल्यांदा बोलल्या त्या अनसूयाबाई. त्या वसंताच्या बाजूनं बोलतील असं सगळ्यांना वाटलं.

“ते ताटाचं खरं आहे,” त्या म्हणाल्या. “पण त्यात तुझं काय चुकलं रे वसंता? तुझं ताट मी भरत होते. दुष्काळाचं साल होतं, तुझा धाकटा भाऊ गेलेला. तुझ्या ताटात जागा दिसली की माझाच जीव घाबरा व्हायचा. यांना ते कधी दिसलं नाही. यांना गवत दिसायचं.” त्या थांबल्या, आणि अगदी सहज म्हणाल्या, “झाडं नको म्हणालेत ना, मग नको. माझी सही खोडा.”

“आई, पण जमीन जाईल!” वसंत ओरडला. “कुणाला कळतंय का? हे पान काही मृत्युपत्र नाही. कायद्यानं याला कवडीची किंमत नाही. उद्या नोटीस आली, तर मी साहेबासमोर काय ठेवू? गवत?”

“हो,” प्रतिभा म्हणाली. आता तिचा आवाज वर्गातला नव्हता. “गवतच ठेव. दादा, दर पावसाळ्यात एक विद्यार्थी चार महिने तिथं राहील. काय उगवतं, काय येतं, काय जातं, लिहील. तू दहा वर्षांचे कागद साहेबासमोर ठेव, मग बघू तो पडत कसा म्हणतो.”

“आणि नाही ऐकलं त्यानं तर?”

“तर जाईल,” प्रतिभा म्हणाली. “पण गवत म्हणून जाईल.”

“मी जमीनच वाचवत होतो, वसंता,” तात्या केविलवाणे होऊन म्हणाले. “तुझं मनही राखत होतो. मला वाटलं...”

“तुम्हा दोघांना वाटलं,” वसंत म्हणाला. “तुम्हा दोघांनाच वाचता येतं, आणि तुम्ही दोघांनी एकच पान सोडलंत. आता मला कसं कळावं, की तुम्ही आणखी काय काय सोडलंय?”

“आणखी काही नाही हो,” मंगला म्हणाली. “शपथ घेऊन सांगते.”

“वैशाखातही ‘नाही’च म्हणाली होतीस.”

तो उठला आणि व्हरांड्यात गेला. मंगला आतून बघत होती. तो पायरीवर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे, अगदी भाऊसाहेब उभे राहायचे तसा, आणि त्याचं त्यालाही ते ठाऊक नव्हतं. व्यासजी गाडीपाशी ताटकळत होते.

“व्यासजी, गाड़ियाँ वापस ले जाइए.”

“वापस? साहब, तीन सौ गड्ढे तैयार हैं!”

“भरवा दीजिए. मजदूरी मैं दूँगा.”

“और कलेक्टर साहब को क्या बोलूँ?”

भोपाळच्या नेमणुकांची यादी याच महिन्यात निघणार होती, आणि वसंताची शिफारस कलेक्टरसाहेबांच्या हातात होती. हे मंगलाला माहीत होतं, व्यासजींनाही माहीत होतं.

“बोलिए, पिताजी की मनाही है,” वसंत म्हणाला. “बेटे को बाद में पता चला.”

मग तो आत आला. आरामखुर्चीत बसला नाही. टेबलाशी उभं राहूनच त्यानं टाक उचलला. चौथं कलम आडव्या रेघेनं खोडलं. आईची सही खोडली नाही. स्वतःची मात्र खोडली, ती दुहेरी रेघ आणि सगळं. विश्वस्तांच्या यादीतलं आपलं नावही खोडलं.

“दादा, हे नको करूस,” प्रतिभानं त्याचा हात धरला. “त्यांनी रागात सांगितलं असेल.”

“रागात नाही सांगितलं. ऐकलंस ना? पुष्कळ विचारांती, म्हणाले.” त्यानं हात सोडवून घेतला. रिकाम्या जागी त्यानं ‘सौ. मंगला वसंत दप्तरदार’ असं लिहिलं, ठळक, सुवाच्य, आणि टाक तिच्यापुढे धरला. “घे. माझा हिस्सा उद्याच तुझ्या नावे करून देतो. तुला सगळं माहीत होतं. तूच सांभाळ.”

ते बोलणं न्यायाचं होतं की शिक्षा होती, हे मंगलाला ठरवता आलं नाही. तिनं सही केली. तिच्यानंतर प्रतिभानं केली.

प्रतिभा आणि तात्या चारच्या बसनं गेले. जाताना प्रतिभानं तिला मिठी मारली आणि कानात म्हणाली, “वहिनी, मी तुमचे उपकार विसरणार नाही.” मंगलाला ते ऐकवेना. ती स्वयंपाकघरात गेली आणि श्राद्धाची भांडी एकटीनंच घासायला घेतली, बाई यायची वाटही न बघता.

ती हात पुसत बाहेर आली तेव्हा ऊन खिडकीतून टेबलावर तिरकं आलं होतं. वसंत तिथं बसला होता. समोर फाल्गुनाचं पान उघडं होतं. तो त्या पानावरून बोट फिरवत होता, कुठं तरी आपलं नाव सापडतंय का ते बघत. ते पानाच्या मधोमधच होतं आणि त्याचं बोट तिथून तीनदा पुढं गेलं.

“मी वाचून दाखवते ना,” ती म्हणाली. “सगळी वही. पहिल्या पानापासून, एक शब्द न गाळता.”

“नको,” तो म्हणाला. “तू नको वाचूस. मला शिकव.”

ती त्याच्या शेजारी बसली. कोऱ्या कागदावर तिनं वळणदार पहिलं अक्षर काढलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्यानं ते अक्षर पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

“हे ‘अ’च आहे ना?” त्यानं विचारलं.